गिधाडे गेली, पण पंगत उठली नाही

माझ्या नातीच्या पुस्तकात अन्नसाखळीचा धडा आहे. चित्रात वाळवंट. वाळवंटात निवडुंग, उंदीर, साप, वर घिरट्या घालणारा ससाणा. आणि खाली प्रश्न : 'यांतील एक प्राणी नाहीसा झाला तर काय होईल?' उत्तरासाठी दोन ओळी सोडलेल्या. अपेक्षित उत्तर महाराष्ट्रातल्या कुठल्याही शिक्षकाला झोपेत विचारले तरी सांगता येईल. अन्नसाखळी तुटेल व निसर्गाचा समतोल बिघडेल. दोन गुण, पुढचा प्रश्न.

मला या उत्तराचे फार दिवस काहीतरी खटकते आहे. 'साखळी तुटेल' म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे विहिरीवरच्या पोहऱ्याची साखळी येते. तुटली, खणकन आवाज झाला, पोहरा तळाला गेला. निसर्गात असा आवाज होत नाही हो! कडी निखळते आणि दुसऱ्याच दिवशी त्या जागी दुसरे कोणीतरी येऊन बसते. बहुतेक वेळा ते आपल्या चांगल्या ओळखीचे असते, त्यामुळे कोणाला संशयही येत नाही.

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या वाळवंटात शास्त्रज्ञांनी हा प्रश्न खरोखरच करून पाहिला होता. १९७७ साली त्यांनी जमिनीचे काही तुकडे कुंपण घालून वेगळे केले आणि त्यांतल्या काही तुकड्यांतून कांगारू उंदरांच्या तीन जाती तेवढ्या बाहेर ठेवल्या. हे उंदीर मोठमोठे बी खातात आणि सारखी माती उकरतात. बाकी सगळे तसेच. बारा वर्षांनी पाहिले तर झुडपांच्या त्या वाळवंटात गवत माजले होते. उंदीर गेले म्हणून वाळवंट उजाड झाले नाही, ते निराळेच काहीतरी झाले. हे निष्कर्ष १९९० साली छापून आले. मुठीत मावेल एवढा प्राणी, पण रानाचा तोंडवळा बदलून गेला.

पण एवढ्या लांब जायचे कारण नाही. आपल्या कारेगावच्या चौकातून कुठल्याही दिशेला चार-पाच कोस गेले की माळ लागतो. (लागत असे म्हणावे का? काही ठिकाणी अजून लागतो.) शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर, पलीकडे पारनेर, श्रीगोंदा, कर्जत हा सगळा सह्याद्रीच्या पाठीमागचा कोरडा पट्टा. लोणावळ्याला कोसळून उरलेले ढग आमच्यापर्यंत येतात. वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनात आले तर. राजस्थानचे वाळवंट हे नव्हे, पण त्याचे चुलत भावंड नक्की. कुसळीचे गवत, पवन्या, मारवेल, तरवड, हिवर, बोरी. त्यात चिंकारा, ससा, खोकड, लांडगा, घोरपड, धाविक, चंडोल. सरकारी कागदात या सगळ्याला एकच शब्द : पडीक.

या पडीक माळावरची एक कडी माझ्या हयातीत निखळली. ती म्हणजे गिधाडे.

ज्यांचे वय आज पस्तिशीच्या आत आहे त्यांनी आपल्या गावात गिधाड पाहिलेले असण्याची शक्यता जवळपास नाही, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. आमच्याकडे होती ती मुख्यतः पांढऱ्या पाठीची. मोठ्या झाडांवर, वड, चिंच, आंबा असे झाड पाहून, यांची वस्ती. झाडाखालची जमीन विष्ठेने पांढरीफेक. लांब चोचीची गिधाडे डोंगराच्या कड्यांवर राहतात, तीही इकडे येत. दुपारी ऊन तापले की ती वर चढत आणि आकाशात ठिपके होऊन फिरत राहत. खाली एखादे जनावर मेले की पहिले गिधाड उतरे. त्याला उतरताना पाहून दुसरे, दुसऱ्याला पाहून तिसरे. तासाभरात बैलाचा सांगाडा स्वच्छ! १९७२ च्या दुष्काळात मी विशीतला होतो. छावण्यांतून, रस्त्याकडेला जनावरे मरत होती आणि गिधाडे इतकी खात होती की त्यांना धड उडताही येत नसे, धावत धावत पंख हलवीत जात. पोरे मागे लागत. ते दृश्य सुंदर नव्हते. पण त्या साली एवढी जनावरे मेली, त्यांची घाण गावाच्या उशाशी पडून राहिली नाही, याचे श्रेय कोणी त्या पक्ष्यांना दिल्याचे आठवत नाही.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. जुन्या गावगाड्याच्या आठवणी काढताना आपण ती सोयीस्करपणे गाळतो. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम गिधाडे करत नव्हती. ते गावाने काही माणसांच्या माथी मारलेले होते, जातीमुळे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या जनावराचे मांस सोडून द्या असे निक्षून सांगितले, आणि त्यानंतर गावोगाव माणसांनी ती सगळीच कामे नाकारली. उत्तम झाले. पण उरलेल्या गावाने त्या कामाची दुसरी व्यवस्था कधी केली नाही. ती व्यवस्था गिधाडांवर सोडली गेली, आणि गिधाडे बिनपगारी, बिनतक्रार होती.

नव्वदच्या दशकात ती संपली. 'कमी झाली' म्हणणे म्हणजे थट्टा. १९९२ ते २००७ या काळात देशभरच्या मोजणीत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांमागे हजारात एक उरले. लांब चोचीची शंभरात तीन. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे डॉ. विभू प्रकाश यांनी माना टाकून बसलेली, झाडावरून खाली पडून मेलेली गिधाडे पाहिली आणि पहिली धोक्याची घंटा वाजवली. आधी वाटले कीटकनाशक असेल, मग वाटले एखादा विषाणू. कारण सापडले २००४ साली, पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून. डायक्लोफिनॅक! आपण गुडघेदुखीला घेतो तेच. नव्वदच्या दशकात ते जनावरांसाठी स्वस्तात मिळू लागले. गाय लंगडू लागली, दगडी झाली, ताप भरला, की इंजेक्शन. गाईला आराम पडे. पण इंजेक्शन दिल्यावर एक-दोन दिवसांत ती दगावली आणि गिधाडांनी खाल्ली, तर गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होई आणि आतल्या अवयवांवर युरिक आम्लाचे पांढरे थर चढत.

गणित तर आणखी चक्रावून टाकणारे आहे. एवढा संहार व्हायला सगळ्या मेलेल्या जनावरांत औषध असायची गरज नव्हती. शंभरातल्या एकाहूनही कमी जनावरांत असले तरी पुरे होते. कारण एका जनावरावर गिधाडे कित्येक बसतात. आणि गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते. बँकेत वर्षाला एक रुपया भरायचा आणि महिन्याला शंभर काढायचे, असा तो हिशेब.

यात कोणी खलनायक नाही, हे मला महत्त्वाचे वाटते. शेतकऱ्याने आपल्या गाईचे दुखणे कमी केले. डॉक्टरने हाताशी होते ते औषध दिले. जनावरावर दया करणे हे पाप नव्हे. पण एका जनावरावर केलेली दया दुसऱ्याच्या मुळावर येऊ शकते, आणि ते दुसरे अभद्र, टकले, मानेला पिसे नसलेले असेल तर त्याच्यासाठी रडायला कोणी नसते. 'गिधाडे' ही आपल्या भाषेत शिवीच आहे ना! मढ्याच्या टाळूवरचे लोणी खाणारी माणसे आपल्याच गल्लीत राहतात, नाव मात्र त्या पक्ष्याचे घेतो.

तर गिधाडे गेली. जनावरे मरायची थांबली नाहीत, उलट दुधाच्या धंद्याने वाढली. पंगत वाढलेली, आणि जेवणारे उठून गेलेले. मग पंगतीला कोण बसले?

कुत्री.

२००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला की १९९२ ते २००६ या काळात गिधाडांच्या अभावामुळे देशात किमान ५५ लाख कुत्री वाढली, आणि त्यांच्या चाव्यांतून रेबीजने सुमारे ४८ हजार माणसे जास्तीची मेली. हा अंदाज आहे, मोजदाद नव्हे. पण त्यानंतर २०२४ साली एयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये जे छापले ते वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. ज्या जिल्ह्यांत पूर्वी गिधाडे भरपूर होती आणि जिथे ती मुळातच फारशी नव्हती, त्या जिल्ह्यांतल्या माणसांच्या मृत्यूंची त्यांनी तुलना केली. गिधाडे गेल्यावर पहिल्या प्रकारच्या जिल्ह्यांत मृत्युदर चार टक्क्यांहून जास्त वाढलेला दिसला. २००० ते २००५ या काळात मिळून सुमारे पाच लाख जास्तीचे मृत्यू! रेबीज हे एक कारण, दुसरे म्हणजे कुजलेली जनावरे ओढ्या-नाल्यांत गेल्याने नासलेले पाणी.

गिधाड आणि कुत्रे यांत फरक काय, दोघेही मेलेलेच खातात, असे कोणी म्हणेल. फरक फार आहे. गिधाडाच्या पोटातले आम्ल इतके जहाल की सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात. कुत्रे तेच मांस दोन-चार दिवस लचके तोडत खाते, अर्धे टाकते, त्यावरून आपसांत भांडते आणि रोगांची देवाणघेवाण करते. आणि मुख्य म्हणजे गिधाड जेवून झाडावर जाई. कुत्रे जेवून गावात येते. दहा पोरांची आई असलेली कुत्री वर्षभरात पुन्हा विते, गिधाडाचे ते एक अंडे तुम्हाला सांगितलेच.

मी कुत्र्यांच्या विरुद्ध नाही. धनगराच्या वाड्यावर जे कुत्रे असते त्याच्याइतका इमानी नोकर माणसांत सापडायचा नाही. पण त्याला मालक असतो, काम असते. मी बोलतो आहे ते कंपन्यांच्या पट्ट्यात, हायवेच्या ढाब्यांमागे, कोंबड्यांच्या शेडजवळ वाढणाऱ्या, कोणाच्याच नसलेल्या कुत्र्यांबद्दल. शिरूर-दौंडकडे पोल्ट्रीच्या शेडांना तोटा नाही, आणि मेलेल्या कोंबड्या गोणीत भरून रस्त्याकडेला किंवा ओढ्यात टाकणाऱ्यांनाही तोटा नाही. ही नवी पंगत. गिधाडे आज परत आली तरी ती मोडेलच असे नाही, कारण ती आपण रोज वाढतो.

आता माळावर काय झाले ते पाहू, कारण मूळ प्रश्न माळाचा आहे.

सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झाले. उणेपुरे पाच चौरस किलोमीटरचे, चिंकाऱ्यांसाठी. एवढ्याशा रुमालाएवढ्या जागेभोवती चहूकडे गावे, आणि गावांतली कुत्री काही अभयारण्याची हद्द वाचत नाहीत. कळपाने चिंकाऱ्याच्या पाडसामागे लागतात. देशभरातल्या नोंदी गोळा करून २०१८ साली छापलेल्या एका पाहणीत कुत्र्यांनी ८० जातींच्या वन्य प्राण्यांवर हल्ले केल्याचे दिसले, त्यांतल्या ३१ जाती संकटग्रस्त यादीतल्या.

लांडग्याची कथा याहून वाईट. पुणे जिल्ह्याच्या माळांवर फिरणाऱ्या 'द ग्रासलँड्स ट्रस्ट'च्या निसर्गप्रेमींना काही लांडगे वेगळ्याच रंगाचे दिसले. संशय आला म्हणून नमुने तपासले गेले आणि २०२३ साली बंगळुरूच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी प्रसिद्ध केले की हे लांडगे आणि कुत्रे यांचे संकर आहेत. जनुकांच्या तपासणीने सिद्ध झालेले देशातले हे पहिले उदाहरण, आणि ते आपल्या जिल्ह्यातले! लांडगे थोडे, कुत्री अमाप, मग दुसरे काय होणार? कुत्र्यांचे डिस्टेंपर, रेबीज हे रोगही लांडग्याला, खोकडाला, कोल्ह्याला होतात. २०२२ साली केलेल्या अंदाजानुसार सगळ्या देशात मिळून लांडगे तीन हजारांच्या थोडेसे वर. एखाद्या मोठ्या तालुक्यात तेवढी कुत्री निघतील.

आणि बिबट्या. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यात पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे गेली, त्यांत लहान लेकरे होती. त्या घरांवर काय कोसळले असेल ते लिहिण्याची माझ्या लेखणीची ताकद नाही. बिबट्या वाढण्याचे पहिले कारण ऊस, हे शेंबडे पोरही सांगेल. लपायला जागा, पाणी, पिलांना आडोसा. पण ऊस काही बिबट्या खात नाही. अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. त्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, जवळजवळ ३९ टक्के. गिधाडे गेली म्हणून बिबट्या वाढला, असे मी म्हणणार नाही. असे सरळ बाण काढणे म्हणजे पुन्हा पुस्तकातले चित्र झाले. पण गावाभोवती कुत्र्यांचे कोठार भरलेले आहे आणि बिबट्या त्या कोठारासाठी गावाजवळ येतो, एवढे म्हणायला हरकत नसावी.

म्हणून माझे मत असे, की गिधाडांची गोष्ट आपण लांडग्यासाठी वाचली पाहिजे. माळावर पुढचा नंबर त्याचा आहे. आमच्याकडे लांडग्याबद्दल बोलायला लागले की लोक म्हणतात, गुरुजी, तुमची मेंढरे कधी नेली नाहीत त्याने! खरे आहे. माझ्या वर्गात बसलेल्या एका धनगराच्या पोराची आज स्वतःची मेंढरे आहेत. तो मला म्हणाला, "गुरुजी, लांडगा एक उचलतो आन्‌ जातो. कुत्र्यांची टोळी शिरली की दहा-बारा मारून टाकत्यात, खात बी नाहीत." त्याच्या या एका वाक्यात माझ्या लेखाचा अर्धा भाग आला. लांडगा गेला तर मेंढपाळ सुखी होईल असे ज्यांना वाटते त्यांनी त्याला विचारावे, मला नको.

ऑस्ट्रेलियात मेंढरांसाठी डिंगो नावाचा रानकुत्रा बाहेर ठेवायला साडेपाच हजार किलोमीटरहून लांब कुंपण घातलेले आहे. डिंगो गेला त्या बाजूला कांगारू माजले, गवत बोडके झाले, परदेशातून आणलेले कोल्हे वाढले आणि लहान देशी प्राणी त्यांच्या तोंडी गेले. कोरड्या मुलखात प्राण्यांच्या जाती मुळातच थोड्या असतात. एकाचे काम उचलायला दुसरा पर्याय हजर नसतो, आणि जो येतो तो आगंतुक असतो. कोकणातल्या जंगलात एक गेला तर दहा जण सांभाळून घेतील कदाचित. माळावर ती चैन नाही.

सरकारने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचत होत्या, म्हणून २०१५ साली तीन मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली बंद झाली. २०२३ साली किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक ही तसलीच औषधेही जनावरांसाठी बंद झाली. हरियाणातल्या पिंजोरला गिधाडे पिंजऱ्यात वाढवली, त्यांतली काही जानेवारी २०२४ मध्ये पेंच आणि ताडोबात आणली. पण पेंच म्हणजे आमचा माळ नव्हे. इथे पुन्हा गिधाड बसायचे तर आधी बसायला जुने झाड हवे, आणि रस्ता रुंद करताना पहिला बळी त्याचाच जातो.

तोवर जे हातात आहे ते फार साधे आहे. गाईला इंजेक्शन देताना डॉक्टरला 'मेलोक्सिकॅम द्या' म्हणायचे. ते गिधाडांना चालते, गाईलाही चालते, आणि महागही नाही. मेलेल्या कोंबड्यांसाठी प्रत्येक शेडवाल्याने खड्डा घ्यायचा, आणि ग्रामपंचायतीने तो पाहून यायचे. कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे काम शहरांपुरते न ठेवता माळाकडेच्या गावांपासून सुरू करायचे. आणि माळाला 'पडीक' म्हणून तिथे झाडे लावण्याचा उत्साह जरा आवरायचा. (दर पावसाळ्यात गवतात खड्डे खणून गिरिपुष्प लावणाऱ्या मंडळींवर मी एकदा स्वतंत्र लिहिणार आहे, आत्ता रागाच्या भरात नको.)

आमच्या ग्रामसभेत मी कोंबड्यांच्या खड्ड्याचा विषय दोनदा काढला. पहिल्यांदा लोक हसले. दुसऱ्यांदा एका तरुण शेडवाल्याने उठून विचारले की खड्डा किती खोल पाहिजे आणि चुना किती टाकायचा. ते त्याला लिहून दिले आहे.

आणि एक काम तुमच्यासाठी. तुमच्या गावात शेवटचे गिधाड कोणी, कधी, कोणत्या झाडावर पाहिले, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून मला कळवा. भाचे मंडळींनी तर नक्कीच. तुमच्या आजोळच्या मळ्यातल्या चिंचेवर १९९४ पर्यंत सहा घरटी होती, हे तुमच्या आईला अजून आठवत असेल.